झाडीपट्टीतील पारध आणि तिचे वाटे

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या वनप्रदेशाला लोकव्यवहारात झाडीपट्टी म्हणतात, आणि आजचा गडचिरोली जिल्हा व चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग हा तिचा गाभा होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे आणि इंग्रजी दप्तरांत तो 'चांदा' या नावाने नोंदला जाई. या प्रदेशातील पारधीविषयी, म्हणजे गावाने मिळून केलेल्या शिकारीविषयी, जे लेखन उपलब्ध आहे त्यातील बरेचसे वाघ, बंदूक आणि मचाण यांभोवती फिरते. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र जनावर पडल्यानंतर त्याचे वाटे कसे पडतात, हा पारधीचा अधिक महत्त्वाचा भाग होता आणि तिचा इतिहासही त्याच बाजूने पाहणे योग्य ठरते.

पारधीचा हंगाम ऋतूनेच ठरवून दिलेला होता. झाडीपट्टी हा मुख्यतः एकपिकी धानाचा प्रदेश. कापणी आणि मळणी आटोपून पौषात कणग्या भरल्या की शेतात लाखोळी, जवस, हरभरा असे धानाच्या उरलेल्या ओलीवर येणारे किरकोळ पीक तेवढे उभे राही आणि माणसांचे हात मोकळे होत. माघात पहाटेचा गारठा टिकून असला तरी दुपारचे ऊन तापू लागते, सागाची पाने गळून रान उघडे पडते, पावसाळ्यात दहा पावलांपलीकडे न दिसणारे जनावर आता दुरून नजरेस येते आणि नाले आटून त्यांतले मोजके डोह उरल्याने सांबर, चितळ, भेकर व रानडुक्कर यांच्या पाण्याच्या वाटा ठरून जातात. फाल्गुनात मोह फुलतो. रात्रभर गळणाऱ्या त्याच्या रसाळ फुलांसाठी माणसांच्या आधी हरणे आणि अस्वले झाडाखाली पोहोचतात. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत होती आणि वणव्यांचे ते एक मोठे कारण असले, तरी जळालेल्या जागी उगवणारे कोवळे गवत पुन्हा जनावरांनाच ओढून आणी. याच दिवसांत बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा कोरड्या हवेशी भिडून विदर्भात वादळी पाऊस आणि गारपीट होते. अशा एका माऱ्यात आंब्याचा मोहर, मोहाची फुले आणि शेतातील हरभरा एकदमच जात असल्याने उतरत्या हिवाळ्यातील शिकारीकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही.

पारधीची मुख्य पद्धत हाक्याची होती. हाका म्हणजे एका बाजूने माणसांनी रांग धरून आरडाओरड करीत व ढोल वाजवीत जनावरांना रेटायचे आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण, कुऱ्हाडी व वाघुरी, म्हणजे शिकारीची जाळी, घेऊन दबा धरलेल्यांनी त्यांना अडवायचे. एवढे मोठे काम एका घराच्या आवाक्याबाहेरचे असल्याने सारे गाव, आणि पुष्कळदा शेजारची दोन-तीन गावेही, एकत्र येत. भामरागड परिसरातील माडिया गोंडांमध्ये गावचा पेरमा, म्हणजे भूमीच्या देवतांशी गावाचे नाते सांभाळणारा पुजारी, आधी पूजा करी. इंद्रावतीपलीकडच्या बस्तर संस्थानात प्रशासक राहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माडियांवरील ग्रंथात शिकारीच्या अशा विधींचे तपशीलवार वर्णन केले आहे. पेरणीपूर्वी होणाऱ्या बियाण्याच्या सणालाही, म्हणजे विज्जा पंडुमलाही, तेथे शिकारीची जोड होती. नदी ही राज्यकारभाराची सीमा असली तरी दोन्ही तीरांवरचे सोयरसंबंध एकच असल्याने ग्रिगसन यांचे निरीक्षण या काठालाही पुष्कळ अंशी लागू पडते.

शिकार पडली की तिची मालकी मारणाऱ्याकडे राहत नसे. ज्याचा बाण पहिला लागला त्याला मानाचा वेगळा भाग मिळे, उरलेल्या मांसाचे पळसाच्या पानांवर सारखे वाटे मांडले जात आणि हाक्यात नुसते ओरडलेल्या पोरालाही त्याचा वाटा मिळे. म्हातारे, आजारी आणि घरात कर्ता पुरुष नसलेली बाई यांच्याकडेही मांस पोचते होई. गावोगावी तपशील बदलत असत, पण तत्त्व हेच होते. यामागे भाबडा उदारपणा शोधण्याचे कारण नाही. तापू लागलेल्या दिवसांत मोठ्या सांबराचे मांस एका घराला संपवता येत नाही; काही भाग चिरून वाळवता आला तरी उरलेले दुसऱ्या दिवशी नासते आणि नासण्यापेक्षा शेजाऱ्याच्या पोटात ठेवलेले मांस पुढच्या पारधीत परत मिळण्याची शक्यता अधिक असते. ज्या समाजात धान्याची कोठारे लहान आणि सावकाराचे घर दूर होते, तेथे शेजारी हाच साठा होता. ही व्यवस्था भांडणांपासून मुक्त होती असेही नाही: पहिला बाण कोणाचा यावरून वाद होत, त्यांचा निवाडा जाणत्यांना करावा लागे, आणि हाक्यात बायकांना स्थान नसे, मात्र शिजवण्याचे काम त्यांच्याकडेच येई.

पारधीत दिसणारी ही देवघेव हंगामातील इतर व्यवहारांतही होती. गोरगा या ताडवर्गीय झाडाची ताडी काढणाऱ्याने ती एकट्याने पिऊ नये असा भामरागडकडे संकेत होता. धानाच्या मुलुखात बैल नसलेल्याचे शेत गावाने मिळून, केवळ जेवणाच्या बदल्यात, नांगरून देण्याची इर्जिक ही प्रथा होती. आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, किंवा रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या निमित्ताने आलेल्या पाहुण्यांना आजही घरोघरी पंगत मिळते. वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेली झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास थांबते. मोकळ्या हातांच्या ज्या महिन्यांत पारध चाले, त्याच महिन्यांवर हे वेळापत्रकही उभे आहे.

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा इंग्रजांकडे गेला आणि जंगलाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलली. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे लावणे, पाण्यात विष कालवणे हे गुन्हे ठरवले आणि त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आवश्यक केला. परवाना काढून शिकारीला येणाऱ्या साहेबांना जंगल खुले राहिले. त्यांच्यासाठी हाका घालण्याचे काम पूर्वीच्याच गावकऱ्यांकडे आले, परंतु आता त्यांना वाट्याऐवजी मजुरी मिळे, आणि बेगारीचा अंमल असे तेथे तीही नसे. शिकारीवरील या निर्बंधांना एक महत्त्वाचा अपवाद होता. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांची जंगले सरकारी राखीव क्षेत्राबाहेर असल्याने तेथील माडियांची पारध बराच काळ टिकली. १९५१ मध्ये जमीनदारी संपून ही जंगले शासनाकडे आली, तेव्हा तिची मुभाही आटू लागली.

उत्तरेकडील ताडोब्याची कथा याहून निराळी आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाला लोकांनी देव केले अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे असून पौषात तेथे जत्रा भरत असे. या परिसरात १९३५ पासून शिकारबंदी आली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपूर्ण प्रदेशातील पारध बेकायदा ठरवली. वन्यप्राणी झपाट्याने घटत असताना हे पाऊल अटळ होते, हे मान्य करावेच लागते; साहेब, संस्थानिक आणि पुढे जीपमधून आलेले शहरी शिकारी यांनी केलेल्या संहाराची शिक्षा धनुष्यवाल्यालाही भोगावी लागली, हेही तितकेच खरे आहे. कायद्याने जनावराची गणना केली. ज्या घरांत पूर्वी वाटा पोचत होता, त्यांच्या ताटात आता काय पडेल याचा विचार त्यात नव्हता.

ही पोकळी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाला सुरुवातीलाच दिसली. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू शिकार घेऊन जाणाऱ्या माडियांकडून, हा प्रकल्प चालवणारे डॉ. प्रकाश आमटे यांनी तांदळाच्या मोबदल्यात मागून घेतले आणि तेथील प्राणी अनाथालयाची सुरुवात त्या पिल्लापासून झाली. दयेची कथा म्हणून ती नेहमी सांगितली जाते. तिच्यातला तांदूळ मात्र दुर्लक्षित राहतो. शिकार ही भूक होती आणि भुकेचा मोबदला धान्यच असू शकतो, ही समज त्या व्यवहारात होती.

पारध गेली तरी वाटे पाडण्याची सवय टिकली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेथील ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार सोपवण्यात आला. बांबूचे उत्पन्न कसे वापरायचे हे तेथे सर्वसहमतीने ठरते. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये वननिवासींच्या परंपरागत हक्कांची यादी आहे, आणि इतर सर्व परंपरागत हक्कांना मान्यता देणाऱ्या तिच्या उपकलमात शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे.