तिकीट बंद झालं, प्रश्न उरला

आजचा एपिसोड आपल्या पनवेलवर.

इथली नगरपालिका 1852 ची. म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेच्याही आधीची! तेव्हा मुंबईबाहेरच्या गावांसाठी 1850 चा 26 वा कायदा होता. त्यातली एक अट मला भारी वाटते: रहिवाशांची इच्छा दिसली, तरच तो गावाला लागू व्हायचा. मतदान नव्हतं, सदस्य सरकारच नेमायचं. पण आधी लोकांना विचारायचं, हे निदान कागदावर होतं.

2016 मध्ये महापालिका झाली. 2017 मध्ये 78 नगरसेवक निवडून आले. 2022 मध्ये त्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. 'आपले सरकार' पोर्टल मात्र चालूच होतं. तक्रार टाका, नंबर घ्या.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ही तिकीट सिस्टीम ओळखीची आहे. खड्डा बुजला की तिकीट बंद. पण पैसा आधी रस्त्यावर घालायचा की पाण्याच्या पाइपलाइनवर, हे कोणत्या तिकिटात लिहिणार? ते सभागृहात, सगळ्यांसमोर ठरायला हवं.

ॲप जरूर वापरा. पण नगरसेवक भेटले की बजेटचंही विचारा.