पारगावच्या शेतात न पोचणारे किरण

परवा पारगावला आत्याकडे गेलो होतो. (आपलं जुन्नरातलं, पारगाव तर्फे आळे.) आतेबहिणीच्या लेकीला भौतिकशास्त्रात एमएस्सी करून कृष्णविवरांवर काम करायचंय, म्हणून घरात खल चालू होता. आत्याचं म्हणणं, "त्याला अमेरिकेलाच जावं लागणार ना?" आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, म्हणाले, "कशाला? दुर्बीण खोडदलाच आहे की!"

मंडळी, दोघांचंही अर्धं बरोबर आणि अर्धं चूक.

खोडदच्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश रेडिओ लहरी पकडतात. कृष्णविवर स्वतः दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू भोवती फिरता फिरता लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण सोडतो. ते किरण आपली हवा वरच्या वर शोषून घेते. (बरंच आहे म्हणा, नाहीतर आपण जगलोच नसतो.) म्हणजे क्ष-किरण बघायचे तर हवेच्या वर जायला हवं.

1962 साली अमेरिकेत जाकोनी यांनी रॉकेटमधून उपकरण वर पाठवलं आणि सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी हैदराबादहून फुगे सोडायची. 1975 च्या 'आर्यभट'वरही क्ष-किरणांचं उपकरण होतं, पण चार-पाच दिवसांतच त्याचा वीजपुरवठा बिघडला. मग 1996 उजाडलं! त्या मार्चमध्ये आयआरएस-पी3 हा उपग्रह गेला. काम त्याचं पृथ्वी न्याहाळण्याचं, पण त्यावर टाटा संस्थेची उपकरणं पाहुण्यासारखी बसली होती.

आणि त्या पाहुण्यांनी काय पाहिलं! गरुड तारकासमूहात जीआरएस 1915+105 नावाचं एक कृष्णविवर आहे, 1992 साली सापडलेलं, सूर्याच्या बारापट वजनाचं. 1997 मध्ये त्याचा प्रकाश ठरावीक तालात हळूहळू चढायचा आणि एकदम कोसळायचा. न्यूट्रॉन ताऱ्यावरचे स्फोट नेमके उलटे, झटकन चढणारे आणि सावकाश उतरणारे. तिथे पृष्ठभाग असतो, तो तापतो आणि निवत बसतो. इथे पृष्ठभागच नाही. पदार्थ गेला की गेला. अग्रवाल, राव, पॉल आदींनी 1998 मध्ये हाच अर्थ मांडला. मला तरी हे वाचताना काटा आला होता.

आता मामांचं अर्धं बरोबर कसं? याच कृष्णविवराच्या आसपासून उसळणारे रेडिओ भडके 2001 मध्ये जीएमआरटीने टिपले. क्ष-किरण वर, रेडिओ खोडदला, कृष्णविवर तेच.

राहिला आत्याचा प्रश्न. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली आयुका 1988 साली नारळीकरांनी सुरू केली, तीच मुळी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना हे विषय करता यावेत म्हणून. गावोगावचे प्राध्यापक सुट्टीत तिथे येऊन काम करतात. 28 सप्टेंबर 2015 ला आपला 'ॲस्ट्रोसॅट' गेला, तेव्हा त्याचा डेटा कसा उलगडायचा हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आयुकाने घेतल्या. 2018 पासून जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली झाली. त्यात आपलं गरुडातलं कृष्णविवरही आहे.

हे सगळं मी ओसरीवर हातवारे करून सांगितलं. आत्याने विचारलं, "म्हणजे पुण्यातच होईल?" सुरुवात तरी होईल, म्हटलं. पोरगी मात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं, कंटाळली.

"मामा, ह्या एका निरीक्षणाची फाईल केवढी मोठी आहे! इथल्या रेंजवर रात्रभर लागेल."

तिने डाउनलोडला लावली आणि लाईट गेली.