‘को’ : दोन अक्षरांची कुळकथा

इंग्रजी लिपीतील ‘सी’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे शेजारी आली म्हणजे त्यांचा अर्थ स्थळपरत्वे पालटतो. रसायनशास्त्रात ती कोबाल्ट धातूची खूण. दोन्ही मोठी लिहिल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू. पलटणीत कमांडिंग ऑफिसर. पत्त्यात मध्ये तिरपी रेघ ओढली की ‘यांचे मार्फत’. आणि पेढीच्या पाटीवर ‘आणि कंपनी’.

या साऱ्यांचे कूळ एक नव्हे. परंतु शब्दारंभी उपसर्ग म्हणून येणारा ‘को’ हा लॅटिन ‘कुम्’ याचा वंशज होय. आपला ‘सह’ जे काम करतो, तेच तो करतो. ‘कंपनी’ शब्दात ‘कुम्’ला ‘पानिस’, म्हणजे भाकरी, जोडलेली आहे. याच ‘पानिस’पासून पोर्तुगिजांच्या द्वारे आपला ‘पाव’ आला. एका ताटात जेवणारे ते कंपनी! मात्र 1600 साली सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने 1818 साली पेशवाई बुडविली आणि 1858 पर्यंत राज्य केले. भाकरी आमची, पंगत त्यांची.

याच कुळातील दुसरा शब्द गोमंतकाच्या परिचयाचा आहे. गांवकरीस पोर्तुगिजांनी ‘कोमुनिदाद’ म्हटले. त्यात ‘कुम्’सोबत ‘मुनुस’, म्हणजे कर्तव्य, आहे. गांवकरीची वहिवाट 1526 च्या ‘फोराल’मध्ये त्यांनीच लिहून ठेवली, आणि 1541 साली तिसवाडीतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविले. पुढे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास व केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. जमीन मागे राहिली, परंतु महाजनांनी सेवा सोडली नाही. म्हणून नव्या जागीही देवस्थाने उभी राहिली.

तिसरा शब्द ‘को-ऑपरेटिव्ह’. 1904 साली सरकारी कायदा झाला, त्यापूर्वीच 1889 साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली होती. नावातच तिचे तत्त्व होते : एकमेकांनी एकमेकांस साहाय्य करावे.

उपसर्ग एकच, त्यापुढे भाकरी ठेवावी, कर्तव्य ठेवावे की कार्य, एवढाच प्रश्न. भाकरीसाठी जमलेली कंपनी 1874 साली विसर्जित झाली. कर्तव्यासाठी जमलेले महाजन मात्र आजही पालखीस खांदा देतात. देवस्थानाच्या कारभारात वाद उपस्थित होतात तेव्हा आपण कोणत्या अर्थाने ‘सह’ आहो, याचे स्मरण प्रत्येकाने ठेवावे.