दोन कार्डांच्या मधला कागद

आयबीएमने १९८१ साली पीसी आणला तेव्हा त्यात एक्स्पान्शन कार्डांसाठी ५ स्लॉट होते, एकमेकांपासून १ इंचावर. १९८३च्या एक्सटीत स्लॉट ८ झाले आणि मधलं अंतर ०.८ इंचावर, म्हणजे जेमतेम २० मिलिमीटरवर आलं. त्यात मालक मंडळी कार्डावर आणखी एक छोटं कार्ड बसवायची. मग शेजाऱ्याशी घासाघीस ठरलेलीच.

कार्डाच्या पाठीवर सोल्डरची टोकं काट्यांसारखी उभी असतात. स्लॉटमधून ५ व्होल्टही येतात आणि १२ही. १२चा स्पर्श ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला झाला, की ती बहुधा गेलीच. आज तशी चिप, त्याहून तसं कार्ड, पुन्हा मिळणं कठीण.

म्हणून मध्ये काहीतरी घालायचं. हाताशी असते ती चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी, आणि नेमकी तीच नको! तिच्यात धातूचा पातळ थर असतो; सोल्डरचं टोक तिथवर घुसलं की इन्सुलेटरचा कंडक्टर होतो. काळी पीव्हीसी चिकटपट्टीही नको. काही वर्षांत तिचा गोंद पाझरून सगळीकडे पसरतो.

जुना मार्ग व्हल्कनाइज्ड फायबरचा. कापसाच्या चिंध्यांच्या कागदावर झिंक क्लोराइडची प्रक्रिया करून तो घट्ट करायचा, याचं ब्रिटिश पेटंट १८५९चं. आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जो लेदरॉइड पेपर मिळतो, तो याच घराण्यातला. चिवट आहे, सहज फाटत नाही. पण पावसाळ्यात ओल धरतो, आणि कोकणातल्या जूनमध्ये मी तरी त्याच्यावर विसंबणार नाही.

१९५०च्या दशकात ड्यूपाँची मायलर फिल्म आली, १९६०च्या दशकात कॅप्टन. मधाच्या रंगाची ही कॅप्टन फिल्म अपोलोच्या चांद्रयानावरही होती. २५ मायक्रॉनचा थर काही हजार व्होल्ट पेलतो. पण आपल्याला १२ व्होल्टच अडवायचे आहेत! इथे खरा शत्रू व्होल्टेज नाही, टोचणारं टोक आहे. पातळ कॅप्टन त्यापुढे टिकेलच असं नाही, शिवाय तिची टेप ओढून काढताना स्टॅटिक निर्माण होतं.

माझं मत जाड मायलरला. २०० मायक्रॉनच्या आसपासची शीट घ्यावी, टोकं आधी कापून बोथट करावीत. शीट कार्डाला चिकटवू नये, कडेच्या भोकांतून प्लास्टिकच्या टायने बांधावी, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला निघेल. आणि चिपांच्या बाजूची हवेची वाट मोकळी ठेवावी.