डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणजे काय? कोडिंग शिकणाऱ्या पोरांनो, हे वाचाच

वेबसाईटचा कोड तुकड्या-तुकड्यांत लिहितात. एक तुकडा पान दाखवतो, दुसरा डेटाबेसमधून माहिती आणतो, तिसरा एसएमएस पाठवतो. इतरांच्या कामी येणाऱ्या अशा तुकड्याला सर्व्हिस म्हणतात. पान दाखवणाऱ्या कोडने ती स्वतः तयार करत बसायचं नाही. 'मला एसएमएस सर्व्हिस लागते' एवढं कन्स्ट्रक्टरमध्ये लिहायचं. तयार करून हातात देणं फ्रेमवर्कचं काम. हेच डिपेंडन्सी इंजेक्शन.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ही सोय २०१६ पासून आतच आहे. सर्व्हिसची आधी नोंद करायची आणि ती किती वेळ टिकणार तेही सांगायचं. ट्रान्झियंट म्हणजे मागाल तेव्हा नवी. स्कोप्ड म्हणजे एका रिक्वेस्टपुरती एक. सिंगलटन म्हणजे ॲप चालू असेपर्यंत सगळ्यांना मिळून एकच.

खरी गोची इथेच होते. लॉगिन केलेल्या माणसाची माहिती धरून ठेवणारी सर्व्हिस चुकून सिंगलटन केली, तर एकाच वेळी दोघांनी फॉर्म उघडल्यावर एकाचा आधार नंबर दुसऱ्याला दिसू शकतो. एकट्याने टेस्टिंग केलं तर ही चूक सापडत नाही. दोन मोबाईलवरून, वेगवेगळ्या नावाने, एकाच वेळी करून बघा.

सिंगलटनने स्कोप्ड सर्व्हिस मागितली तर डेव्हलपमेंट मोडमध्ये एरर येते. लाईव्ह सर्व्हरवर ही तपासणी मुद्दाम चालू केली नसेल तर बंदच असते. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर ती एरर दिसली तर कंटाळून सगळंच सिंगलटन करून टाकू नका.