कलावंताची लोकप्रियता आणि पक्षाचे राजकारण

शहाजीराजांच्या जहागिरीत जी कन्नड गावे होती, त्यांत होसकोटे हे एक. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने निघाले की हे गाव लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, राज्योत्सवाच्या दिवशी, येथे चौकाचौकांतून लाल-पिवळे ध्वज लागतात आणि त्यांखाली नटवर्य डॉ. राजकुमार यांचे चित्र मांडलेले असते. या नटाने हयातीत एकही निवडणूक लढविली नाही, कोणत्याही पक्षाचे सभासदत्व घेतले नाही. तरी ज्यांनी अनेक निवडणुका जिंकल्या, त्यांना हे स्थान लाभलेले नाही. मराठी आणि कन्नड या दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्या अनुवादकास या दृश्यावरून एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. लोकप्रिय कलावंताने पक्षीय राजकारणात पडावे की पडू नये? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन ठळक उत्तरे आहेत. एक 1957 चे, दुसरे 1977 चे. त्या दोहोंचा येथे ऊहापोह करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कलावंत हा नागरिक आहे, सबब त्यास राजकारणाचा अधिकार आहे, एवढे म्हटल्याने वाद मिटत नाही. नागरिक या नात्याने त्याचे मत एकच असते. प्रश्न त्या एका मताचा नसून त्याच्या नावामागे चालत येणाऱ्या हजारो मतांचा आहे. ही लोकप्रियता रसिकांनी त्यास दिलेली असते ती त्याच्या नाट्यासाठी, गायनासाठी, विनोदासाठी. ती एक प्रकारची ठेव आहे. जी ठेव एका कामासाठी मिळाली, ती दुसऱ्या कामास लावता येईल काय, आणि लावल्यास तिचा हिशेब कोणी व कोणास द्यावयाचा, हा खरा प्रश्न होय.

आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचे उदाहरण घेऊ. ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने 1925 मध्ये त्यांचे नाव झाले. ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’ या नाटकांनी ते घरोघरी पोहोचले. नाशिकच्या 1942 च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि त्यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला तेव्हा त्यांच्यापाशी लोकप्रियतेची ठेव विपुल होती. ती त्यांनी लढ्यात नुसती ओतली असती, तर ते इतर अनेकांसारखे सभेचे आकर्षण ठरले असते, इतकेच. त्यांनी तसे केले नाही. 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, 1 नोव्हेंबर रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य लादले गेले, आणि त्यानंतर पंधरवड्यातच, 15 नोव्हेंबर रोजी, अत्रे यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले. विनोदी नाटककाराची पुण्याई एका सभेला पुरते. दररोज सकाळी निघणाऱ्या वृत्तपत्राला ती पुरत नाही. तेथे रोजची माहिती, रोजचा युक्तिवाद आणि रोजची जोखीम लागते. राजकीय पत त्यांनी अशी नव्याने कमावली आणि मग 1957 मध्ये समितीच्या वतीने ते विधानसभेवर निवडून आले.

अत्रे यांच्या या पर्वावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, राजकारणाने त्यांच्यातील नाटककार खाल्ला. वस्तुस्थिती याला दुजोरा देत नाही. ‘तो मी नव्हेच’ हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले नाटकांपैकी एक 1962 मध्ये, म्हणजे आमदारकीनंतर रंगभूमीवर आले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्य करणे भाग आहे. विडंबनकाराची शैली जेव्हा राजकीय प्रतिपक्षावर चालते, तेव्हा ती त्याच्या मतावर न थांबता त्याच्या देहावर, कुळावर आणि खाजगी आयुष्यावर जाते. रंगभूमीवर जे अतिशयोक्त असते ते रंजक ठरते. अग्रलेखात तेच अन्यायकारक होते. अत्रे यांच्या लेखणीने हा अन्याय अनेकांवर केला. कलावंत राजकारणात येतो तेव्हा आपले गुणच नव्हे, तर आपल्या कलेच्या सवयीही बरोबर घेऊन येतो, हे या प्रकरणाचे एक तात्पर्य आहे.

त्याच लढ्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर हे शाहीरही होते. 1944 मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाची ही परंपरा. यांच्या बाबतीत आपला प्रश्न नीट लागूच पडत नाही. कारण त्यांची लोकप्रियता आधी कलेत मिळून मग राजकारणास लावलेली नव्हती, ती गिरणगावच्या चळवळीतच जन्मली होती. ठेव देणारे आणि हिशेब घेणारे एकच होते. अत्रे, अण्णा भाऊ आणि अमर शेख हे तिघेही 1969 च्या जून ते ऑगस्ट या अवघ्या अडीच महिन्यांत निवर्तले. संयुक्त महाराष्ट्राची कथा सांगताना त्यांतील एकाचे नाव पुढारी म्हणून घेतले जाते आणि दोघांची नावे गायक म्हणून. आमदारकी आणि वृत्तपत्र हाती असणे यांचा स्मरणावर किती परिणाम होतो, हे त्यावरून दिसून येते.

आता 1977 चे उत्तर पाहू. त्याचा आरंभ 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाड येथे झाला. आणीबाणी चालू होती. साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. आणि अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्याच मंडपात तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करावयास लावली. पुढे त्यांना अटक झाली. बंगळुरात याच काळात ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटाची नायिका स्नेहलता रेड्डी यांना कारागृहात ठेवण्यात आले. दम्याने जर्जर होऊन 1977 च्या जानेवारीत त्या सुटल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे पु. ल. देशपांडे यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीत जनता पक्षासाठी सभा का घेतल्या, हे कळते. ज्यांनी जयप्रकाशांच्या तुरुंगातील दैनंदिनीचा मराठी अनुवाद केला, त्यांना त्या वेळी गप्प राहणे शक्य नव्हते. निवडणूक संपली, पक्ष सत्तेवर आला आणि पु. ल. आपल्या कामाकडे परत गेले. त्यांनी पद घेतले नाही.

मराठी सुशिक्षित वर्गाने या माघारीस आदर्श मानले आहे. राजकारणात जावे तर असे, आणि परतावे तर असे, असे आपण गेली अनेक वर्षे म्हणत आलो. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्याच्या शब्दावर लोकांनी मत दिले, तो निकालानंतर घरी जातो. आणि 1979 च्या जुलैत ते सरकार आपापसांतील कलहाने कोसळते, तेव्हा त्याचा जाब मतदाराने कोणास विचारावयाचा? अत्रे यांना तो विचारता येत होता. ते विधानसभेत बसत होते आणि त्यांना पुन्हा मते मागावयाची होती. पद न घेणे ही निःस्पृहता खरी. परंतु पद हे केवळ मानाचे स्थान नसून जाब देण्याचेही स्थान असते, ही गोष्ट आपल्या कौतुकात हरवते.

तथापि पु. लं.च्या बाबतीत हा आक्षेप पुरता टिकत नाही, आणि का टिकत नाही हे पाहिले म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. त्यांनी लोकांकडे जे मागितले ते जनता पक्षाच्या साऱ्या कारभारास मान्यता नव्हे. बोलण्याचे आणि लिहिण्याचे स्वातंत्र्य परत मिळावे, एवढेच ते मागणे होते. ते मागणे पुरे झाले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीचे ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण रद्द होऊन त्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले. ज्या कलमी वचनास ते जामीन राहिले होते, ते फेडले गेले. अत्रे यांचेही तसेच. एक राज्य मागितले होते. ते 1 मे 1960 रोजी मिळाले. त्यानंतर समितीचे काय झाले? 1962 च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात 264 पैकी 215 जागा जिंकल्या. मागणी पुरी होताच जनतेने ठेव परत घेतली. यात जनतेची कृतघ्नता नसून तिचा विवेक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे : कलावंताची लोकप्रियता एखाद्या मागणीला जामीन राहू शकते, पक्षाला राहू शकत नाही. मागणी मर्यादित असते, ती पुरी झाली की नाही हे कोणासही पाहता येते. पक्ष मात्र उद्या काय करील हे त्याच्या पुढाऱ्यांनाही ठाऊक नसते. तेथे केवळ नावावर हमी देणे म्हणजे दुसऱ्याची ठेव जुगारात लावणे होय. ज्यास पक्षातच राहावयाचे आहे, त्याने ‘मराठा’ काढणाऱ्या अत्र्यांप्रमाणे राजकीय पत शून्यापासून कमवावी आणि निवडणुकीच्या दारातून आत यावे.

राज्यसभेतील नियुक्त जागांचाही याच दृष्टीने विचार व्हावा. घटनेने साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांसाठी बारा जागा ठेवल्या. मामा वरेरकर आणि पां. वा. काणे त्या मार्गाने दिल्लीस गेले. तेथे विद्वत्तेचा सन्मान अभिप्रेत होता. 1985 मध्ये पक्षांतरबंदीसाठी आलेल्या दहाव्या परिशिष्टाने मात्र नियुक्त सदस्यास जागा घेतल्यापासून सहा महिन्यांत पक्षात जाण्याची मुभा ठेवली. त्यानंतर गेल्यास जागा जाते. म्हणजे सन्मानाचे स्थान पक्षाच्या पंक्तीत बदलण्यास कायद्याने सहा महिन्यांची खिडकी उघडी आहे. त्या खिडकीतून आत जाणाऱ्याने ना मते मागितलेली असतात, ना मागणी मांडलेली. तिन्ही मार्गांत हाच मला सर्वांत कनिष्ठ वाटतो.

आता होसकोट्याच्या चौकातील चित्राकडे परत येऊ. राजकुमार यांनी 1982 मध्ये गोकाक अहवालाच्या अंमलबजावणीसाठी राज्यभर दौरा केला. मागणी एक होती, मर्यादित होती. शाळांत कन्नडला प्रथम स्थान द्यावे. शेजारच्या आंध्रात त्याच वर्षी एन. टी. रामाराव यांनी पक्ष काढला आणि 1983 च्या जानेवारीत ते सत्तेवर आले. राजकुमार यांनी तसे केले नाही. माझ्या कसोटीस हे उदाहरण पूर्ण उतरावयास हवे. परंतु त्या मागणीचा भार ज्या मुलांवर पडणार होता, त्यांत उर्दू, तमिळ आणि मराठी घरांतली मुलेही होती. आणि या भाषिक अल्पसंख्याकांनी तेव्हा विरोधही नोंदविला. राजकुमार यांना ठेव देणाऱ्या प्रेक्षकांत ही घरेही होतीच. कन्नडचा तो आग्रह मला आज न्याय्य वाटतो, त्या भाषेवर माझे प्रेम आहे. तरीही आपल्याच प्रेक्षकांपैकी काहींविरुद्ध त्यांची ठेव वापरली जात आहे, याची जाणीव कलावंताने ठेवावयास हवी होती, असेही वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरील आपल्या कलावंतांनी मुंबईतील गुजराती रसिकाविषयी हा विचार किती केला, हेही मराठी माणसाने स्वतःस विचारावे.

पु. लं.नी 1996 मध्ये महाराष्ट्रभूषण पुरस्कार स्वीकारताना तो देणाऱ्या राजवटीविषयी आपली अस्वस्थता बोलून दाखविली आणि त्याबद्दल सत्ताधारी पुढाऱ्याचे कठोर शब्द ऐकून घेतले. पक्षाचे सभासद असते तर ते हे बोलू शकले नसते. मागणीपुरते जामीन राहून मोकळे होण्याचा लाभ हा असा, वीस वर्षांनी दिसतो. परंतु तो लाभ घेणाऱ्याने आपण कशास जामीन होतो, हे आरंभीच जाहीर सांगितलेले असावे लागते. निवडणुकीच्या व्यासपीठावर चढणाऱ्या कलावंतास रसिकाने विचारावयाचा प्रश्न एवढाच आहे : आपण नेमके काय मागता, आणि ते मिळाले नाही तर आम्ही आपणांस कोठे भेटावे?