माहितीपटातील बनाव

माहितीपटातील बनाव : खरे म्हणून दाखवलेल्या दृश्यात, आवाजात किंवा घटनांच्या क्रमात माहितीपटकाराने जाणूनबुजून केलेला फेरफार. प्रसंग मुद्दाम घडवून आणणे, एका ठिकाणचे चित्रण दुसऱ्या ठिकाणचे म्हणून खपवणे, मागाहून आवाज भरणे, घटना पुढेमागे करणे हे सारे त्यात येते. कॅमेरा कुठे ठेवायचा इथपासून निवड सुरू होते, त्यामुळे निव्वळ फेरफार झाला म्हणून कोणताही माहितीपट खोटा ठरत नाही. प्रेक्षकाला काय सांगितले आणि त्या दृश्याची किंमत कोणी मोजली, यावर नैतिक निवाडा करावा लागतो. 

या वादाचे मूळ उदाहरण म्हणजे रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२). कॅनडात हडसन उपसागराच्या काठी, आजच्या इनुकजुआक परिसरात तो चित्रित झाला. खर्च रेव्हियों फ्रेर या फ्रेंच फर-कंपनीने उचलला. नायक नानूक हा तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट समाजातला; त्याचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक. पडद्यावरची त्याची बायको त्याची बायको नव्हती. इग्लूच्या आत कॅमेरा व उजेड मावेना, म्हणून मोठा इग्लू बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली. उबदार झोपेचे दृश्य प्रत्यक्षात उघड्यावरच्या थंडीतले आहे. ग्रामोफोन पाहून चकित होणाऱ्या आणि तबकडी चावून बघणाऱ्या या माणसाला ग्रामोफोन ठाऊक होता. बर्फातल्या भोकातून ओढलेला सील आधीच मेलेला होता. त्या काळी इन्युइट शिकारी बंदुका वापरत, पण फ्लाहर्टीला वाडवडिलांची भाल्याची शिकार हवी होती. वॉलरस ओढून नेऊ लागला तेव्हा शिकारी बंदूक चालवण्यासाठी ओरडत होते. आपण न समजल्यासारखे करून कॅमेरा चालू ठेवला, हे त्यानेच पुढे सांगितले आहे. इग्लूची उघडी बाजू माफ करता येते. हे माफ करता येत नाही.

तरीही इन्युइटांना केवळ फसवले गेलेले लोक मानणे त्यांच्यावर अन्याय आहे. प्रसंग ठरवण्यात, यंत्रांची देखभाल करण्यात, फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. भाल्याची शिकार त्यांच्या मागच्या पिढ्यांनी खरोखरच केलेली होती. मात्र ती ‘आजची’ म्हणून जगभर दाखवली गेली आणि एक समाज गोठलेल्या काळात राहतो, ही समजूत पक्की झाली. नायक पुढे उपासमारीने मेला असे फ्लाहर्टी सांगत असे; त्याचा मृत्यू घरीच, बहुधा क्षयाने झाला.

‘मॅन ऑफ ॲरन’साठी (१९३४) फ्लाहर्टीने आयर्लंडच्या किनाऱ्यावरील बेटांवर तेच केले. तिथली भाल्याने शार्क मारण्याची रीत कधीच मोडली होती. कोळ्यांना ती नव्याने शिकवून वादळी समुद्रात उतरवले. किरकोळ मोबदल्यासाठी आपण माणसांचे जीव धोक्यात घातले, ही चूक त्याने नंतर कबूल केली.

डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये (१९५८) बनावाला कुणाचीच संमती नव्हती. मॅनिटोबातून विकत आणलेले लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी अल्बर्टात फिरत्या चकतीवर चित्रित करून झुंड भासवली गेली आणि कड्यावरून नदीत ढकलली गेली. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२ मध्ये हे उघड केले, पण तोवर चित्रपटाला ऑस्कर मिळून गेले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात हा समज अजून पुसलेला नाही.

घडवून आणलेले दृश्य प्रामाणिकही असू शकते. एरल मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये (१९८८) डॅलसमधील पोलिसाच्या खुनाचा प्रसंग वेगवेगळ्या साक्षींनुसार पुन:पुन्हा अभिनीत केला आहे. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्यामुळेच उघडे पडते. खुनासाठी दोषी ठरलेला रँडल ॲडम्स १९८९ मध्ये सुटला.

अलीकडचा वाद आवाजाचा आहे. ‘रोडरनर’ (२०२१) या माहितीपटात २०१८ मध्ये वारलेल्या शेफ अँथनी बोर्डेनच्या तोंडी काही वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने घातली. ती त्याने लिहिली होती, उच्चारली नव्हती. चित्रपटात तसे कुठेच सांगितले नव्हते. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिलच्या मुलाखतींतून ते बाहेर आले. २०२४ मध्ये आर्काइव्हल प्रोड्यूसर्स अलायन्स या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली सामग्री वापरली तर ती प्रेक्षकाला कळली पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे.